बंद समुद्राचे पंचांग : भूमध्य सागरातील हिवाळा आणि पोहणारा माणूस

१/
गेल्या आठवड्यात आतेभावाचा निरोप आला. तो जर्मनीत शिकतो. नाताळच्या सुट्टीत मित्रांबरोबर माल्टाला निघाला आहे. "ताई, तिथं डिसेंबरातही ऊन असतं, १७ अंश. समुद्रात पोहता येईल ना?" एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण या साध्या प्रश्नामागे दोन-अडीच हजार वर्षांचा इतिहास उभा आहे आणि त्यात अनेकांचे जीव गेले आहेत. म्हणून हा थ्रेड. सुट्टीत तिकडे निघालेल्या प्रत्येकासाठी.

२/
हा भाऊ रायगड जिल्ह्यातला. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकला, पुढे समुद्रात उतरू लागला. कोकणातल्या माणसाच्या अंगात एक पंचांग मुरलेले असते. ज्येष्ठ-आषाढात समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या पुन्हा खुला होतो. मार्गशीर्ष-पौषात तो बराच निवळलेला असतो आणि पाणी डिसेंबरातही २७ अंशांच्या आसपास असते. हिवाळा आणि समुद्राचा धोका यांची सांगड त्याच्या मनात कधी पडलेलीच नाही.

३/
भूमध्य सागराचे पंचांग याच्या नेमके उलट आहे. तिथे उन्हाळा कोरडा व शांत असतो. पाऊस आणि वादळे हिवाळ्यात येतात. म्हणूनच रोमन लोक हिवाळ्यातल्या समुद्राला 'मारे क्लाउसुम' म्हणत. अर्थ सरळ आहे : बंद समुद्र. युद्धशास्त्रावर लिहिणारा उत्तरकालीन रोमन लेखक व्हेगेशियस याने तारखाच दिल्या आहेत. ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद. खऱ्या अर्थाने सुरक्षित काळ २७ मे ते १४ सप्टेंबर. मधले दिवस जोखमीचे.

४/
व्हेगेशियस कारणेही सांगतो. दिवस लहान, रात्री लांब, ढग दाट, धुके, वारा, पाऊस, हिम. होकायंत्र नसलेल्या काळात ढगांनी तारे झाकले की दिशाच हरवे. अर्थात, बंद म्हणजे कुलूप घातलेला नव्हे. रोमला धान्य कमी पडू लागले तेव्हा सम्राट क्लॉडियसने हिवाळ्यात जहाजे आणणाऱ्या व्यापाऱ्यांचे नुकसान भरून देण्याची हमी दिली होती. हिवाळ्यात निघावे लागलेच तर त्याची किंमत कोणीतरी मोजायची असते, हे राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते.

५/
आणि समुद्र उघडण्याचा सणसुद्धा होता. ५ मार्च, 'नाविगियुम इसिडिस'. दुसऱ्या शतकातल्या अपुलेयसने आपल्या कादंबरीच्या अखेरच्या भागात ग्रीसमधल्या केंख्रेई बंदरातील या सोहळ्याचे वर्णन केले आहे. वाजतगाजत मिरवणूक किनाऱ्यावर येते आणि इसिस देवीला अर्पण केलेली सजवलेली नौका पाण्यात सोडली जाते. वाचताना आपल्याकडच्या कोळीवाड्यांतील नारळी पौर्णिमा डोळ्यांसमोर उभी राहते. दोन्ही समाजांना एकच गोष्ट कळली होती : समुद्राला ऋतू असतो. फक्त त्यांचा सण मार्चमध्ये येई, आपला श्रावणात येतो.

६/
त्यांना पोहता येत नव्हते म्हणून ते घाबरत, असे कुणी म्हणेल. तसे नव्हते. प्लेटोच्या 'लॉज' या संवादात एका म्हणीचा उल्लेख आहे, ज्यात अडाणी माणसाची ओळख 'ना वाचता येते, ना पोहता येते' अशी दिली जाते. इ. स. पू. ४८० च्या सालामिसच्या लढाईबद्दल हिरोडोटस सांगतो की, जहाज बुडाल्यावर ग्रीक पोहून सालामिस बेटावर पोहोचत, तर पोहता न येणारे पर्शियन बुडून मेले. पोहणे ही या लोकांसाठी अक्षरओळखीइतकी प्राथमिक गोष्ट होती. तरीही हिवाळा आला की ते किनाऱ्यावर थांबत.

७/
आता थेट माल्टाकडे वळू. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात इसवी सन ६० च्या सुमारास घडलेली एक जहाजफुटी आहे. पौल या कैद्याला रोमला नेणारे धान्याचे जहाज क्रीटजवळ होते. शरद ऋतूतला उपासाचा दिवस उलटून गेला होता, म्हणजे हंगाम संपत आला होता. पुढे जाऊ नये, असे पौलाने सुचवले. पण शताधिपतीने मालक आणि कप्तान यांचे ऐकले. थोडे पुढे चांगले बंदर आहे, वारा मंद आहे, एवढ्यावर जहाज निघाले.

८/
मग ईशान्येचा वादळी वारा सुटला. चौदा दिवस जहाज भरकटले, आणि अखेर माल्टाच्या किनाऱ्याजवळ रेतीत रुतून फुटू लागले. जहाजावर २७६ माणसे होती. शताधिपतीने हुकूम दिला : ज्यांना पोहता येते त्यांनी आधी उड्या टाकून किनारा गाठावा, बाकीच्यांनी फळ्यांवर आणि जहाजाच्या तुकड्यांवर तरंगत यावे. सगळेच्या सगळे वाचले. माल्टात १० फेब्रुवारीला या प्रसंगाचा सण आजही पाळला जातो, त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

९/
या कथेतला एक तपशील श्रद्धेच्या पलीकडचा आहे, आणि माझ्या भावासाठी तोच सर्वांत मोलाचा. माणसे किनाऱ्याला लागल्यावर बेटावरच्या लोकांनी सर्वप्रथम काय केले? पाऊस होता, थंडी होती, म्हणून त्यांनी शेकोटी पेटवली. बाहेर आलेला माणूस वाचलाच, असे त्यांनी गृहीत धरले नाही. त्याला ऊब देणे हा सुटकेचाच भाग होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

१०/
हिवाळ्यातल्या पोहण्याची सर्वांत प्रसिद्ध ग्रीक कथा मात्र शोकान्त आहे. एजियन आणि मार्मरा समुद्रांना जोडणारी अरुंद सामुद्रधुनी म्हणजे हेलेस्पाँट, आजचे दार्दानेल्स. आबिडोसचा लिअँडर रोज रात्री ती पोहून पलीकडच्या सेस्टोसला, हिरोकडे जाई. ती मनोऱ्यावर दिवा लावून ठेवी. उन्हाळाभर हे चालले. हिवाळा आला, थांबायला हवे होते, ते थांबले नाहीत. वादळी रात्री दिवा विझला आणि लिअँडर बुडाला. कथा कल्पित असेल. पण एकटा, अंधारात, ऋतू बदलल्यावरही उन्हाळ्याच्याच सवयीने पोहणारा माणूस तिने अचूक टिपला आहे.

११/
१८१० मध्ये बावीस वर्षांच्या लॉर्ड बायरनला लिअँडरची बरोबरी करायची होती. एप्रिलमधला पहिला प्रयत्न त्याने बर्फगार पाण्यामुळे पुढे ढकलला. ३ मे रोजी तो पुन्हा उतरला, लेफ्टनंट एकनहेड या सोबत्याला घेऊन, आणि १ तास १० मिनिटांत पार झाला. सामुद्रधुनीची रुंदी जेमतेम मैलभर. पण प्रवाहामुळे चार मैलांहून अधिक अंतर तुटले, अशी त्याची नोंद आहे. या पराक्रमाचे गोडवे पुष्कळ गायले गेले. मला मात्र एप्रिलमध्ये बेत पुढे ढकलणारा बायरन अधिक शहाणा वाटतो.

१२/
मग हिवाळ्यात भूमध्य सागराकाठी 'सुट्टीला' जायचे, ही कल्पना आली कुठून? ती आली इंग्लंडमधून, आणि औषध म्हणून आली. १७५० च्या सुमारास रिचर्ड रसेल या डॉक्टरने समुद्राच्या पाण्याचे गुण सांगणारा प्रबंध लिहिला आणि थंड समुद्रस्नानाची टूम निघाली. पण हे स्नान एकट्याने करायचे नसे. ब्रायटनसारख्या गावी किनाऱ्यावर तरबेज बायका असत. त्या रुग्णाला धरून पाण्यात बुचकळत आणि लगेच बाहेर काढत. पोहण्याचा तिथे संबंधच नव्हता.

१३/
हे वेड नीसला नेले टोबायस स्मॉलेट या स्कॉटिश कादंबरीकाराने. तो स्वतः डॉक्टर होता, छातीच्या विकाराने बेजार होता. १७६३ च्या अखेरीस तो नीसला पोहोचला. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हते, सार्डिनियाच्या राज्यात होते. पुढच्या मे महिन्याच्या आरंभी तो समुद्रात उतरू लागला तेव्हा गावकरी थक्क झाले. छातीचा रोगी आणि थंड समुद्र! तो आता मरणार, असे भाकीत काही डॉक्टरांनी केले. तो मेला नाही. उलट त्याला बरे वाटू लागले. मग काही स्विस अधिकारी उतरले, पाठोपाठ गावातले काही लोकही.

१४/
१७६६ मध्ये स्मॉलेटचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि ही गोष्ट 'अडाणी गावकरी विरुद्ध धीट प्रवासी' अशी वाचली जाऊ लागली. मला ते वाचन अपुरे वाटते. स्मॉलेट डिसेंबरात उतरला नव्हता. तो जवळजवळ पाच महिने थांबला, मे उजाडू दिला. गावकऱ्यांचे भय अवाजवी असेल, पण त्यामागचे ज्ञान खोटे नव्हते : मे महिन्यात हवा उन्हाळ्याची असते, पाणी अजून वसंतातच असते.

१५/
एकोणिसाव्या शतकात नीस, कान, माँतों ही गावे उत्तर युरोपच्या श्रीमंतांची हिवाळी घरे झाली. नीसचा 'प्रोमनाद देझांग्ले' हा किनाऱ्यालगतचा रस्ता १८२० च्या दशकात इंग्रज रहिवाशांच्या पैशातून तयार झाला. डॉ. जेम्स हेन्री बेनेट स्वतः क्षयाने आजारी होऊन १८५९ मध्ये माँतोंला आला, बरा झाला, आणि त्या हवेची महती सांगणारी पुस्तके त्याने लिहिली. १८६४ मध्ये रेल्वे नीसला पोहोचली. १८९५ पासून राणी व्हिक्टोरिया सलग काही वर्षे वसंतात नीसच्या सिमिए भागात राहून गेली.

१६/
या पाहुण्यांचा दिनक्रम पाहण्यासारखा आहे. सकाळी उन्हात बसायचे, दुपारी किनाऱ्यावर फिरायचे, सूर्य कलला की गारठ्याआधी आत यायचे. समुद्र होता, पण पाहण्यासाठी. त्याच्या हवेत श्वास घ्यायचा, त्याच्या पाण्यात उतरायचे नाही. उन्हाळा लागला की हॉटेले बंद होत. किनारा हिवाळ्याचा, पण स्नानाविना. एवढे करूनही सगळे बरे होत नसत. माँतोंच्या टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत दूरदेशीच्या कितीतरी तरुणांची थडगी आहेत.

१७/
चित्र उलटले ते विसाव्या शतकात. १९२३ च्या उन्हाळ्यात जेरल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन दांपत्यासाठी अँतीबचे 'ओतेल द्यु काप' उघडे राहिले. गारूपचा छोटा किनारा मर्फींनी स्वतः शेवाळ उपसून साफ केला. उन्हात पडणे आणि पोहणे ही नवी रीत झाली. १९३६ मध्ये फ्रान्समधल्या कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि उन्हाळी किनारा सामान्यांचाही झाला. 'भूमध्य सागर म्हणजे निळे, कोमट पाणी' हे आपल्या डोक्यातले चित्र जेमतेम शंभर वर्षांचे आहे, आणि ते केवळ उन्हाळ्याचे आहे.

१८/
आजचा हिवाळी पर्यटक या दोन परंपरांची नकळत सरमिसळ करतो. स्वस्त विमानाचे तिकीट त्याला व्हिक्टोरियाच्या ऋतूत नेऊन सोडते, आणि डोक्यात चित्र असते मर्फींच्या उन्हाळ्याचे. हवा आणि पाणी यांची पंचांगे वेगळी असतात. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते. फेब्रुवारीत भूमध्य सागराकाठी बदाम फुलतात, आणि त्याच सुमारास पाणी वर्षातले सर्वांत थंड असते : नीसला १३ अंशांच्या आसपास, माल्टाला १५-१६, एड्रियाटिकच्या उत्तर टोकाला १० च्याही खाली. डिसेंबरात माल्टाला ते साधारण १७-१८ असते.

१९/
'१८ अंश म्हणजे काय मोठी थंडी!' असे आपल्याला वाटेल. त्यासाठी क्षणभर भूमध्य सागराबाहेर, शेजारच्या अटलांटिकमध्ये जावे लागेल. डिसेंबर १९६३. 'लाकोनिया' हे प्रवासी जहाज साउथहॅम्प्टनहून नाताळच्या सहलीवर निघाले होते. प्रवासी निघाले होते मदिरा आणि कॅनरी बेटांच्या हिवाळी उन्हाकडे. २२ डिसेंबरच्या रात्री मदिराच्या उत्तरेस जहाजाला आग लागली. जहाजावर हजाराहून अधिक माणसे होती; त्यांपैकी १२८ दगावली.

२०/
पाणी सुमारे १८ अंश होते. ना हिमनग, ना ध्रुवप्रदेश. अनेकांच्या अंगात जीवरक्षक जाकिटे होती. ती माणसे तरंगत होती, आणि तरंगतानाच मेली. १९६५ मध्ये विल्यम कीटिंग या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने या मृत्यूंचा अभ्यास मांडला. निष्कर्ष असा की, पाण्यातले बहुतेक मृत्यू थंडीमुळे झाले होते. 'बुडून मेला' या दोन शब्दांआड थंडी किती काळ लपून राहिली होती, हे त्यानंतर अधिकाधिक स्पष्ट होत गेले.

२१/
आज हे तीन टप्प्यांत समजावले जाते. पहिला, थंडीचा झटका : पाण्यात पडताच आपोआप मोठा श्वास ओढला जातो, धाप लागते, रक्तदाब वाढतो. तोंड पाण्याखाली असेल तर तो पहिलाच श्वास घातक ठरतो. हा टप्पा एक ते तीन मिनिटांचा. दुसरा : हातापायांचे स्नायू गार पडून कामातून जातात, पट्टीचा पोहणाराही किनाऱ्यापासून चार हात अंतरावर हतबल होतो. तिसरा, शरीराचे अंतर्गत तापमान उतरणे : याला बहुधा अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. पाणी जितके थंड, तितके हे तीव्र. विहिरीत कमावलेले कौशल्य पहिल्या दोन टप्प्यांत फारसे उपयोगी पडत नाही.

२२/
मग भूमध्य सागराकाठचे लोक हिवाळ्यात पाण्यात उतरतच नाहीत का? उतरतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेत ६ जानेवारीला पाण्याला आशीर्वाद देण्याचा विधी होतो. धर्मगुरू क्रूस पाण्यात टाकतात आणि तरुण उडी घेऊन तो वर आणतात. बार्सिलोनात १९०७ पासून 'कोपा नादाल' ही शर्यत चालत आली आहे : २५ डिसेंबरला, बंदराच्या पाण्यात, अवघे २०० मीटर.

२३/
या दोन्ही प्रसंगांकडे पोहणाऱ्याच्या नजरेने पाहा. ठिकाण ठरलेले, बहुधा बंदरातले आसऱ्याचे पाणी. अंतर थोडे, वेळ मिनिटांत मोजण्याइतका. काठावर सगळे गाव पाहत असते. बाहेर आल्यावर टॉवेल, कोरडे कपडे आणि माणसांची ऊब तयार असते. धर्माचा विधी असो वा क्लबाची शर्यत, दोन्हींत तीच सावधगिरी भरलेली आहे. लिअँडरपाशी यातले काहीही नव्हते.

२४/
म्हणून भावाला उत्तर लिहिले : 'पोहता येईल, पण त्यांच्या पंचांगाने.' आधी पंधरा मिनिटे नुसता समुद्र पाहा. भूमध्य सागराला भरती-ओहोटी अल्प असली तरी लाटा आणि ओढ असते. नीसचा गोट्यांचा किनारा एकदम खोल होतो. माल्टाला बरेचदा खडकावरून उतरावे लागते. उतरणे सोपे, उसळत्या लाटेत पुन्हा खडकावर चढणे अवघड. म्हणून कुठून उतरायचे यापेक्षा कुठून वर यायचे, हे आधी ठरव. वारा असेल, लाटा खडकावर आपटत असतील, तर बायरनसारखा बेत पुढे ढकल.

२५/
एकटा उतरू नकोस. तिथल्या बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक उन्हाळी हंगामापुरतेच असतात. म्हणून एकाने कपडे घालून काठावरच थांबावे, हातात फोन ठेवावा. युरोपीय संघात आणीबाणीचा क्रमांक ११२. डोक्यावर भडक रंगाची टोपी असू दे. उडी मारू नकोस. हळूहळू उतर, श्वास ताब्यात येईपर्यंत पाय टेकतील अशा पाण्यात थांब. समुद्राच्या दिशेने नव्हे, किनाऱ्याला समांतर पोह. पहिल्या दिवशी दोन-चार मिनिटे पुरेत. दारू पिऊन पाण्यात जाऊ नकोस. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या मित्राने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

२६/
चुकून पडलास किंवा धाप लागली, तर हातपाय मारण्याची घाई करू नकोस. पाठीवर उताणा हो, तोंड वर ठेव, तरंग. मिनिट-दोन मिनिटांत श्वास जाग्यावर येतो, मग हाक मार किंवा पोह. प्रवाहाने आत ओढले तर त्याच्याशी झुंजू नकोस, किनाऱ्याला समांतर सरकून त्याच्याबाहेर पड. आणि बाहेर आल्यावर माल्टाच्या लोकांची ती शेकोटी आठव. पाण्यातून निघाल्यानंतरही काही मिनिटे शरीर गार होतच राहते. ओले कपडे काढ, कोरडे घाल, काहीतरी गरम पी. कडक गरम शॉवरखाली लगेच उभा राहू नकोस.

२७/
त्याचे उत्तर आले : "एवढं सगळं? मग नुसते पाय बुडवले तर?" मी लिहिले, लाटांपासून दूर, सपाट जागी खुशाल बुडव, राणी व्हिक्टोरियाच्या काळातले पाहुणे तर तेवढेही करत नसत. तो १९ तारखेला निघतो आहे. दोघे पाण्यात, एक काठावर, थर्मासमध्ये चहा, असे ठरले आहे म्हणतो.

तुमच्या ओळखीत कुणी या हिवाळ्यात तिकडे निघाले असेल, तर हा थ्रेड त्यांच्यापर्यंत पोहोचवा.